साबणाचा बर्फ

डिसेंबरचा दुसरा मंगळवार.
हा दिवस मर्लने आणि मी हेरून ठेवला होता.
शाळा अजून सुटलेल्या नसतात,
उत्तरेकडचे लोक अजून खाली उतरलेले नसतात,
सिल्व्हर लगूनमध्ये तेव्हा बाकावर
नुसत्या पिशवीलासुद्धा ऐसपैस जागा मिळायची.

आज फाटकापासूनच माणसाला माणूस चिकटलेलं.
जावई म्हणाला,
"मंगळवार आता सगळ्यांना कळलाय."

ऊन फ्लोरिडाचं. त्याला कॅलेंडर वाचता येत नाही.
रेनडियरच्या पोशाखातला पोरगा कुंपणाआड
स्वतःचं मुंडकं काखेत धरून
घटाघटा पाणी पीत होता.
नातवाने ते पाहिलं,
त्याने पाहिलं हे मी पाहिलं,
आणि दोघांनीही तोंड मिटून ठेवलं.

मुख्य रस्त्यावर हिरव्या माळा.
म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंत माळा,
त्याच्या वर नुसते हूक.
पूर्वी कॅरोलायनातून ट्रक यायचे,
खऱ्या फांद्या, हाताला लागणारा चीक.
मर्ल चोरून एखादी चुरगळायची आणि बोटांवरून वास घरी न्यायची.
दोन दिवस आमच्या कपबशा डोंगरातल्यासारख्या वाटायच्या.
आता वास पॉपकॉर्नच्या गाडीखालच्या जाळीतून सुटतो,
दर चार मिनिटांनी,
फुस्स.
कर्टिस त्या जाळीपाशीच उकिडवा बसला.
पुढचं फुस्स कधी, ते मोजत.
अख्ख्या बागेत त्याला तेवढंच आवडलं.

बोगद्यातल्या गाडीची रांग: एकशे चाळीस मिनिटं.
पाटीखालची बाई म्हणाली, पाटीवर जाऊ नका,
मी साडेदहापासून इथे आहे.
रांग वळते, परत वळते,
तीच माणसं पुन्हा पुन्हा समोरून येतात.
पिवळ्या टोपीवाला म्हातारा पाचव्यांदा भेटला तेव्हा
आम्ही लग्नघरातल्या दूरच्या नातलगांसारखे
ओळखीचं हसलो.
आमचा नंबर यायला अकरा माणसं उरली
आणि गाडी बंद पडली.

मग झाड.
झाड जागच्या जागी होतं.
शेंड्यावरची चांदणीही तीच, एक टोक जरा वाकडं.
दर वर्षी इथेच फोटो,
मर्लच्या लोकरी टोपीचा गोंडा माझ्या हनुवटीला टोचायचा,
एवढ्या उन्हात लोकरी टोपी,
कारण नाताळ म्हणजे नाताळ.
मी तीनदा वर पाहिलं.
मान पूर्वीइतकी मागे जाईना.
"झाड बुटकं केलंय यांनी," मी म्हटलं.
"डॅड, तुमची मान आखडलीय," जनेल म्हणाली.

तरी मी कचेरीत गेलोच.
खिडकीतल्या मुलीच्या बिल्ल्यावर: ओडेसा, गाव वॉल्डोस्टा.
तिने सगळं शांतपणे लिहून घेतलं,
हूक, जाळी, अकरा माणसं.
मग पेन थांबवून विचारलं,
"झाड साधारण किती कमी वाटलं, सर?"
मी हात डोक्यावर नेला.
नाही, इतकं नाही. खाली घेतला.
अजून थोडा.
हनुवटीशी येऊन तो थांबला.
"एवढं," मी म्हटलं. "एक माणूसभर."
तिने अक्षर सुवाच्य ठेवून लिहिलं:
एक माणूस कमी.
आणि भरपाई म्हणून लिंबू सरबताची दोन कुपनं दिली.

आठ वाजता बर्फ पडला.
सात मिनिटं. साबणाचा.
हजारो माणसं हात वर करून उभी राहिली,
हातात फोन.
कर्टिसने जीभ बाहेर काढली, तोंड कडूझार केलं,
थुंकला,
आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.

गाडी कुठे लावली होती
यावरून जनेल आणि जावई अंधारात भांडत राहिले,
पेलिकनच्या रांगेत की मगरीच्या.
मी दिव्याखाली उभा.
बाहीवरचा बर्फ वाळून पांढरा डाग झाला होता.
खिशातली कुपनं काढून बघितली.
दोन्ही होती.
मुदत जानेवारीअखेर.